दोन कोपेकची वर्गणी

तळहातावर मावेल एवढी लाल पुस्तिका: कोमसोमोलचं, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट युवक संघाचं, सभासदपत्र. वर लेनिनचा चेहरा, आत संघटनेला मिळालेल्या सहा पदकांची चित्रं, मग फोटो, नाव, जन्मवर्ष, सभासद झाल्याचा महिना. पुढची जवळजवळ सगळी पानं नुसत्या रेघा मारलेली. रकाने चारच: महिना, त्या महिन्याची कमाई, भरलेली वर्गणी आणि सचिवाची सही. सहीच्या जागी पुष्कळदा रबरी शिक्का, 'वर्गणी भरली'. १९७०-८०च्या दशकांत सोव्हिएत संघात जे तरुण होते त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खणात ही पुस्तिका असायची. शाळकरी मुलाची वर्गणी महिन्याला दोन कोपेक (कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग). सार्वजनिक फोनवरून एक फोन करायलाही दोनच कोपेक लागायचे, मेट्रोला पाच. क्रांतीत आपण सामील आहोत हे सांगण्याचा महिन्याचा खर्च एका फोनएवढा! कमावत्यांना पगाराच्या प्रमाणात, साधारण टक्काभराच्या आसपास.

कोमसोमोलचा इतिहास बहुतेक वेळा पहिल्या पानावरच्या त्या सहा पदकांवरून सांगितला जातो. यादवी युद्ध, पंचवार्षिक योजना, महायुद्ध, पडीक जमिनी. पण संघटना कशी संपली हे समजून घ्यायचं तर मागची रेघांची पानं जास्त कामाची आहेत.

कारण दोन कोपेक गोळा करणं वाटतं तेवढं सोपं नसतं. वर्गात तीस मुलं, त्यांचा एक कोमसोर्ग, म्हणजे गटप्रमुख. त्याने दर महिन्याला तीस जणांमागे फिरायचं. कुणी पैसे विसरलेलं, कुणी पुस्तिका, कुणी आजारी. जमा व्हायचे साठ कोपेक, आणि त्यांच्यासाठी यादी, बेरीज, वरच्या समितीकडे भरणा, शिक्के. सबळ कारण नसताना तीन महिने वर्गणी थकली तर त्या सभासदाचा प्रश्न सभेपुढे आणायचा, असं घटनेत लिहिलेलं. प्रत्यक्षात तो प्रश्न आणायची हौस कुणालाच नसे, कारण थकबाकीदार निघाला की सगळ्या गटाची टक्केवारी खाली यायची आणि तालुक्याच्या समितीतून, म्हणजे रायकोममधून, विचारणा व्हायची. मग कोमसोर्ग पदरचे पैसे भरून मोकळा व्हायचा आणि नंतर सवडीने वसूल करायचा किंवा सोडून द्यायचा. वर्गणी शंभर टक्के. कागदावर कुठेही खोट नाही. मुलगा सभासद होता, त्याची वर्गणी भरली गेली होती, फक्त ती त्याने भरलेली नव्हती.

सुरुवातीला असं नव्हतं, आणि हे मनापासून मान्य करायला हवं. २९ ऑक्टोबर १९१८ला मॉस्कोत पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा १९४ प्रतिनिधी आले होते आणि त्यांच्या मागे सगळ्या देशात मिळून २२,१०० सभासद. यादवी युद्ध पेटलेलं, धान्य नाही, सरपण नाही. त्या वेळी नाव नोंदवायचं म्हणजे आघाडीवर जायची तयारी ठेवायची. गावातली समिती बंद असली तर दारावर 'सगळे आघाडीवर गेले आहेत' अशी पाटी असायची, ही पुढे दंतकथाच होऊन बसली. पण दंतकथा व्हायलाही काहीतरी खरं लागतं.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९२०ला, तिसऱ्या अधिवेशनात लेनिन बोलायला उभा राहिला. समोर बसलेल्यांत कित्येक जण थेट आघाडीवरून आलेले. त्यांना अपेक्षा युद्धाच्या हाकेची. त्याने सांगितलं, शिका. आणि शिकायचं म्हणजे घोषणा पाठ करायच्या असं नाही. माणसाने आजवर मिळवलेलं सगळं ज्ञान पचवल्याशिवाय कुणी कम्युनिस्ट होत नाही. घोकंपट्टीविरुद्धचं हे भाषण पुढची सत्तर वर्षं त्या देशातल्या मुलांना अभ्यासाला होतं, आणि ती ते घोकायची.

पहिली गळती आली ती १९२१ नंतर. नवं आर्थिक धोरण आलं, बाजार उघडले, खासगी दुकानदार परतले. ज्यांनी भांडवलशाहीविरुद्ध बंदूक उचलली होती त्यांना कोपऱ्यावर पुन्हा पेढी दिसू लागली. बेकारीही तरुणांच्याच वाट्याला जास्त. १९२०च्या अखेरीस चार लाखांच्या वर गेलेली सभासदसंख्या दोनेक वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. ही गळती मला तब्येतीचं लक्षण वाटते. पटलं नाही म्हणून लोक निघून जाऊ शकत होते, आणि गेले. पुढे साठ-पासष्ट वर्षं असं पुन्हा घडलं नाही.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक, दार मोठं केलं. १९३६च्या दहाव्या अधिवेशनाने कामगार-शेतकरी घरातलाच हवा ही अट काढून टाकली, आणि संघटना लढवय्यांच्या तुकडीऐवजी तरुणांना 'घडवण्याची' जागा झाली. १९४१पर्यंत सभासद कोटीच्या घरात गेले. दुसरी गोष्ट भयंकर होती. १९१८ ते १९३८ या वीस वर्षांत संघटनेच्या शिखरावर जे जे बसले, त्स्येतलिन, रिव्किन, शात्स्किन, स्मोरोदिन, चाप्लिन, ते सगळे स्तालिनच्या शुद्धीकरणात मारले गेले. अलेक्सांद्र कोसारेव १९२९पासून प्रमुख होता. त्याला नोव्हेंबर १९३८मध्ये पदावरून काढून अटक झाली आणि २३ फेब्रुवारी १९३९ला गोळी घातली. वाचला तो मिल्चाकोव, आणि तोही छावण्यांमध्ये वर्षं काढून. चळवळ उभी करणारी पिढीच अशी पुसली गेल्यावर खाली काय संदेश गेला असेल? पुढाकार घेणं धोक्याचं. सांगितलेलं करणं सुरक्षित.

हा संदेश किती खोल रुजला होता ते एका कादंबरीच्या गोष्टीवरून दिसतं. युक्रेनमधल्या क्रास्नोदोन या खाणगावात १९४२मध्ये जर्मनांच्या ताब्याखाली काही शाळकरी पोरापोरींनी गुप्त गट काढला, पत्रकं लावली, बहुतेक पकडले गेले, हाल करून मारले गेले. सोव्हिएत लेखक फादेयेवने त्यांच्यावर 'तरुण रक्षक' ही कादंबरी लिहिली, तिला १९४६मध्ये स्तालिन पारितोषिक मिळालं. आणि मग आक्षेप आला: यात पक्ष कुठे आहे? पोरांनी आपल्या आपण केलं म्हणजे काय? फादेयेवने कादंबरी पुन्हा लिहिली, अनुभवी पक्षनेत्यांची पात्रं आत घातली, आणि १९५१मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. मुलं मेलेली होती, त्यांची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता.

तरीही 'सगळं ढोंग होतं' हा आजचा सोपा निकाल मला मान्य नाही. आमूर नदीच्या काठावर पेर्मस्कोये नावाच्या खेड्यापाशी १० मे १९३२ला बोटींतून पोरं उतरली, तिथे तंबू आणि जमिनीत खोदलेल्या खोपटांपासून सुरुवात झाली. पहिल्या हिवाळ्यात हिरड्या सुजून दात हलायला लागले, कारण ताजं काही खायलाच नव्हतं. कित्येक पळाले, पुष्कळ राहिले. गाव कोमसोमोल्स्क झालं. पुढे त्या बांधकामावर कैद्यांचे जथे आले, आणि पोस्टरवर मात्र फक्त पोरंच राहिली. १९३७मध्ये वालेन्तिना खेतागुरोवाने वर्तमानपत्रातून मुलींना अतिपूर्वेकडे यायचं आवाहन केलं, तर हजारो मुली खरोखर निघाल्या. हे शिक्का मारून होत नाही. महायुद्धात तर शंकाच नको. जर्मनांनी नोव्हेंबर १९४१मध्ये फासावर दिलेली झोया कोस्मोदेम्यान्स्काया अठरा वर्षांची होती.

पण मोहिमांचा हा साचा तसाच ठेवून आतला माल हळूहळू बदलत गेला. १९५४पासून कझाकस्तानातल्या पडीक जमिनी नांगरायला तरुण पाठवले. १९५९मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे ३३९ विद्यार्थी उन्हाळ्यात तिकडे बांधकामाला गेले, आणि त्यातून विद्यार्थी बांधकाम पथकांची पद्धत पडली. ही पथकं मला सगळ्या कोमसोमोलमधली सर्वांत जिवंत शाखा वाटते, आणि त्याचं कारण उघड आहे. कमांडर कामं आणि करार बघायचा, कमिसार भाषणं आणि करमणूक, मिस्त्री बांधकाम. खाकी जाकीट, बाहीवर पथकाचा बिल्ला, रात्री शेकोटी आणि गिटार. आणि दोन महिन्यांच्या शेवटी हातात रोख पैसे, शिष्यवृत्तीत वर्षभर दिसणार नाहीत एवढे. गोठा उभा राहिला की नाही हे डोळ्यांना दिसत होतं. काम, सोबत, पैसा, तिन्ही खरं.

सायबेरियातली बैकाल-आमूर रेल्वे ही शेवटची मोठी हाक. एप्रिल १९७४मध्ये सतरावं अधिवेशन चालू असतानाच पहिलं पथक मॉस्कोतून निघालं. कायमच्या गोठलेल्या जमिनीवर रूळ टाकायचे, म्हणजे वरचा थर उन्हाळ्यात विरघळला की भराव खचतो, हिवाळ्यात फुगतो, एकच तुकडा पुन्हा पुन्हा करावा लागतो. पूर्वेकडचा अर्धा भाग तर मुख्यतः रेल्वे-सैनिकांनी बांधला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेतल्या पोरांनी. पश्चिमेकडे जे स्वखुशीने गेले त्यांना वाढीव पगार आणि काही वर्षं पैसे साठवले की मोटार विकत घ्यायचा हक्क. त्या देशात मोटारीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा हा हक्क लहान नव्हता. ऑक्टोबर १९८४मध्ये शेवटचा रूळ जोडल्याचा सोहळा झाला. सेवेरोमुइस्क इथला पंधरा किलोमीटरचा बोगदा मात्र अपुराच होता, गाड्या डोंगराला वळसा घालून चढत होत्या. बोगदा खुला झाला २००३मध्ये. तोवर ज्या संघटनेने हाक दिली ती जाऊन बारा वर्षं झाली होती.

आता सभेकडे वळू, कारण चळवळ मरते ती सभेत. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फार समजावून सांगायला नको. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, आणि सगळ्यांचं लक्ष सामोशांकडे. कोमसोमोलच्या सभेत आधी अध्यक्ष आणि चिटणीस निवडायचे, त्यांची नावं आधीच ठरलेली. मग अहवाल. अहवाल लिहिणारा गेल्या वर्षीचा अहवाल पुढ्यात घ्यायचा, आकडे बदलायचा, ताज्या अधिवेशनाचं नाव घालायचा. भाषणांतली वाक्यं इतकी ठरून गेलेली की कुठलाही परिच्छेद कुठेही बसावा. मागे बसलेले पुस्तक वाचत, विणकाम करत, पुढच्या तासाची गणितं सोडवत. 'कोण बाजूने?' असा प्रश्न आला की मान वर न करता हात वर. 'विरुद्ध? तटस्थ? कोणी नाही. एकमताने.' इतिवृत्तात दोनच शीर्षकं: 'ऐकले' आणि 'ठरवले'.

यात गंमत अशी की हात वर करणाऱ्या सगळ्यांचा समाजवादावर राग होता असं नाही. बरेच जण समता, शांतता, मोफत शिक्षण या गोष्टी मनापासून मानणारे होते. त्यांना एवढंच कळलं होतं की या सभेचा त्या गोष्टींशी संबंध नाही. सभा हा कर होता. भरला की उरलेला वेळ आपला.

प्रवेशाचंही तसंच. चौदाव्या वर्षी अर्ज, दोन सभासदांच्या शिफारशी, वर्गाची सभा, मग रायकोममध्ये तोंडी परीक्षा. परीक्षेतला ठरलेला प्रश्न: संघटनेला पदकं किती आणि कशासाठी? उत्तर सहा: १९२८, १९३१, १९४५, १९४८, १९५६, १९६८. दुसरा प्रश्न लोकशाही केंद्रवादाची, म्हणजे वरच्या समितीचा निर्णय खालच्यांना बंधनकारक या तत्त्वाची, व्याख्या. आधी हुशार मुलांना घेत, मग मधल्यांना, आणि दहावीपर्यंत वर्गाची टक्केवारी पुरी करायची म्हणून उरलेल्या उनाडांनाही. एकेकाळी नाकारलं जायची भीती असलेल्या संघटनेत आता न जाणाऱ्याची चौकशी व्हायची. विद्यापीठात जायचं तर वर्तणुकीचा दाखला लागे, आणि सभासद नसलेल्याच्या दाखल्याकडे भुवया उंचावून पाहिलं जाई. १९८०च्या दशकाच्या मध्यात सभासद झाले ४ कोटी २० लाख. चौदा ते अठ्ठावीस वयाच्या तरुणांतले बहुतेक. सगळेच आघाडीचे, तर मागे कोण?

वर बसलेल्यांना मात्र ही शिडी उत्तम होती. शेलेपिन आणि सेमिचास्तनी हे कोमसोमोलचे प्रमुख एकामागून एक केजीबीचे प्रमुख झाले. पुढे देशाचे सर्वोच्च नेते झालेल्यांपैकी आन्द्रोपोव कारेलियातला कोमसोमोल सचिव, गोर्बाचोव स्ताव्रोपोलचा. तिथे माणसं ओळखायला, बैठक चालवायला, वरच्याला काय ऐकायचं आहे ते ओळखायला शिकवलं जायचं. खाली तरुण काय ऐकतात याचा पत्ता नव्हता. जानेवारी १९८५ची युक्रेनमधल्या निकोलायेव जिल्हा समितीची यादी प्रसिद्धच आहे. डिस्कोत कुठले परदेशी गायक वाजवायचे नाहीत आणि का, याची. त्यात हुलिओ इग्लेसियास या गोड गळ्याच्या प्रेमगीतवाल्यावर आरोप आहे नवफॅसिझमचा. टीना टर्नरवर कामुकतेचा. यादी करणाऱ्याने ही गाणी ऐकली होती का, हा प्रश्न गैरलागू. यादी करायची होती, केली. बाहेर तोवर पोरं कॅसेटवरून कॅसेट उतरवत होती, आणि उतरवणाऱ्यांतले पुष्कळ स्वतः कोमसोर्ग होते.

आणि मग आलं १९८७. इथे जरा थांबू, कारण शेवट तत्त्वज्ञानाने झाला नाही, हिशेबाने झाला.

सोव्हिएत अर्थव्यवस्थेत रुबल दोन प्रकारचा होता. एक रोख, ज्यातून पगार होतात आणि पाव विकत मिळतो. दुसरा खात्यावरचा, जो एका कारखान्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात फिरतो पण रोखीत सहज बदलता येत नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्याला हे चटकन कळेल: या लेखाशीर्षाखालचा पैसा त्या लेखाशीर्षाखाली वळवता येत नाही. कारखान्यांकडे खात्यावर ढिगाने पैसे पडलेले, खर्चायला वाव नाही. १९८७मध्ये कोमसोमोलला 'युवकांच्या वैज्ञानिक-तांत्रिक सर्जनशीलतेची केंद्रं' काढायची परवानगी मिळाली. समजा एका कारखान्याला हिशेबाचा संगणक-प्रोग्राम हवा. तो केंद्राशी करार करतो, दहा हजार रुबल खात्यावरून केंद्राच्या खात्यावर. केंद्र चार-पाच जणांचं 'तात्पुरतं सर्जनशील पथक' बनवतं, बऱ्याचदा त्यात त्याच कारखान्याचे इंजिनिअर, आणि त्यांचं मानधन रोखीत देतं. आपला हिस्सा कापून घेतं. खात्यावरचा मेलेला रुबल इकडून आत गेला आणि जिवंत होऊन तिकडून बाहेर आला. कायदेशीर. नेहमीचे करही नाहीत.

प्रोग्राम कधी खरंच लिहिला जाई, कधी जुनाच नवं कव्हर घालून दिला जाई. पुढची पायरी म्हणजे त्या पैशातून परदेशी संगणक आणायचे आणि चढ्या भावाने विकायचे. मॉस्कोच्या फ्रुन्झे विभागात मिखाइल खोदोर्कोव्स्की नावाचा कोमसोमोलचा तरुण कार्यकर्ता असंच केंद्र चालवत होता. त्यातून मेनातेप बँक उभी राहिली, आणि पुढे तो रशियातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. याला कुणी विश्वासघात म्हणतं, मला तो सरळ वारसा वाटतो. संघटनेने त्या पिढीला खऱ्या अर्थाने काय शिकवलं होतं? कागद पक्का ठेवायचा, वरच्यांशी ओळख ठेवायची, आणि कागद व वस्तुस्थिती यांच्यातल्या फटीत राहायचं. पदरचे दोन कोपेक भरून टक्केवारी शंभर दाखवणारा पोरगाच आता मोठ्या आकड्यांवर तेच करत होता. फरक इतकाच, की या वेळी फायदा त्याचा होता.

उरलेले सभासद गुपचूप गळाले. राजीनामे नाहीत, भांडणं नाहीत. वर्गणी मागायला येणारं कुणी नाही म्हणून भरायचंही थांबलं. १९९० उजाडेपर्यंत कोटभर सभासद कमी झाले होते. आणि त्याच वर्षी संघटनेचं मुखपत्र, 'कोमसोमोल्स्काया प्राव्दा', जवळपास २ कोटी २० लाख प्रतींवर पोचलं, कारण मोकळीक मिळाल्यावर ते वाचण्यासारखं झालं होतं. लोकांना वाचायला हवं होतं. पुस्तिकेत शिक्का नको होता.

२७ आणि २८ सप्टेंबर १९९१ला बाविसावं, जादा अधिवेशन भरलं. ऑगस्टमध्ये गोर्बाचोवविरुद्ध झालेला कट्टर कम्युनिस्टांचा उठाव फसून महिना झालेला. संघटनेची ऐतिहासिक भूमिका पूर्ण झाली आहे असा ठराव आला, मतदान झालं, मंजूर. मग चर्चा मालमत्तेची: कुठल्या प्रजासत्ताकाला काय, इमारती कुणाकडे. रस्त्यावर कुणी निषेध करायला आलं नाही, आनंद करायलाही नाही.

२९ ऑक्टोबर मात्र अजून साजरा होतो. २०१८मध्ये शताब्दीला क्रेमलिनच्या मोठ्या सभागृहात जलसा झाला, बिल्ले लावून जुने सभासद आले, आमूरची आणि बैकालची गाणी सगळ्यांना तोंडपाठ. १९९१मध्ये चौदाव्या वर्षी ज्याला शेवटची पुस्तिका मिळाली असेल तो त्या दिवशी एकेचाळीस वर्षांचा होता. या युवक संघात त्याच्याहून तरुण कुणीही नव्हतं.